नानांचे गुडघे आणि माझा क्लच

मित्रांनो, आज दुपारी माझीच एक चूक सापडली.

आमच्या शेजारच्या नानांची गाडी १९३४ सालची, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. तेव्हा सात रस्त्याच्या चौकात टांगे असायचे आणि तिचा भोंगा ऐकून घोडे बुजायचे, ही वडिलांची गोष्ट नाना दर खेपेला सांगतात. रोज संध्याकाळी काकूंना शेजारी बसवून चक्कर मारायचे. दोन महिने ती चक्कर बंद होती.

आज गॅरेजवर येऊन म्हणाले, "गिऱ्हाईक बघ रे हिला. क्लच दाबवत नाही. गुडघे संपले माझे."

मी गाडीखाली शिरलो. पेडल अर्धं दाबलं की क्लचची दांडी आणि लिव्हर काटकोनात यायला हवेत. लिव्हर दातेरी शाफ्टवर एक दात चुकून बसलं होतं, म्हणून पेडल लई जड झालेलं. दोन महिन्यांपूर्वी ते मीच बसवलं होतं, धाकट्या बहिणीशी फोनवर भांडत. तिने कॉलेज सोडलं त्यावरूनचं ते भांडण, तुम्हाला माहितीच आहे.

गुपचूप नीट करून शाबासकी घेता आली असती. पण बोललो, "नाना, तुमचे गुडघे ठणठणीत आहेत. मी चुकलो."

नानांनी तीनदा पेडल दाबून बघितलं.

"गाढवा! मी म्हातारा झालो असं तुझ्या काकूला सांगून बसलो की रे!"

आणि तसेच काकूंना आणायला निघाले.

माझ्या रागापायी आणखी कोण कोण स्वतःलाच दोष देत बसलं असेल? तुमचंही आहे का असं कुणी?