फवारेसाहेबांचा निर्विष कोबी

फवारेसाहेबांचं खरं आडनाव वेगळंच होतं. पण कीटकनाशकं विकण्यात हयात गेल्यामुळे मित्रांनी हे बहाल केलं आणि ते चिकटलं. निवृत्त झाल्यावर साहेब घरात मावेनात. फ्रीजमधल्या बाटल्या उंचीप्रमाणे लावून झाल्या, बायकोला भांडी घासण्याची शास्त्रीय पद्धत समजावून झाली. तेव्हा बायकोनेच त्यांना वाचनालयामागच्या सामुदायिक शेतावर नेऊन सोडलं. सोडलं म्हणजे अगदी फाटकाशी उतरवलं आणि गाडी वळवली.

हे शेत एका दाताच्या डॉक्टरीणबाईंनी उभं केलं होतं. दवाखाना बंद करून त्या आता शाळकरी पोरांना आणि काठी टेकत येणाऱ्या आजोबांना एकाच वाफ्याभोवती बसवून माती, खत, बियाणं शिकवत. पहिला आठवडा साहेबांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या आठवड्यापासून ते शिकवू लागले.

नुकतीच सिगारेट सोडलेल्या माणसासारखा त्यांचा आवेश होता. "रसायन म्हणजे विष," असं ते म्हणत, जणू ते आजवर दुसऱ्याच कुणी विकलं होतं. एकदा एका आजोबांनी हळूच विचारलं, "साहेब, तुम्हीही त्याच धंद्यात होतात ना?"

साहेबांनी डोळे मिटले. "म्हणूनच तर मला कळतं."

मग शेत पाहायला गावाला बोलवायचं ठरलं. साहेबांकडे कोबीचा वाफा होता आणि ऐन वेळी त्यावर अळ्या पडल्या. लसूण-मिरचीचं पाणी मारून पाहिलं, पण अळ्यांना ते रुचलं असावं.

"हातानं वेचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चार भोकं पाहुण्यांनाही दिसू देत. त्यात लाजायचं काय?"

पण आयुष्यभर चकचकीत कोबीची चित्रं दाखवून माल खपवलेल्या माणसाला भोकं कशी दाखवावीत? संध्याकाळी सगळे पांगल्यावर साहेबांनी घरच्या माळ्यावरची जुनी बाटली आणून गुपचूप फवारा मारला. भोकांची वरची पानं खुडून टाकली. हात सरावलेला होता. अळ्यांचा बंदोबस्त झाला.

पाहुणे आले ते थेट कोबीपाशीच थबकले. लोक फोटो काढू लागले तसे साहेब रंगात आले, तोंडाचा पट्टा सुटला आणि रोजच्या सवयीने म्हणून गेले, "आमच्याकडे धुवायची भानगड नाही. तोडा आणि खा."

पाहुण्यांत साहेबांची छोटी नातही होती. आजोबांचा शब्द म्हणजे तिला काळ्या दगडावरची रेघ. तिने लगेच एक पान तोडलं आणि तोंडाकडे नेलं. साहेबांनी झेप घेऊन ते हिसकावलं. पोर भेदरून रडायला लागली.

"तुम्हीच म्हणालात ना, खा म्हणून?" ती हुंदके देत म्हणाली.

सगळे बघत होते. साहेब चाचरत म्हणाले, "त्या पानावर पाल बसली होती."

पाहुण्यांत त्यांची बायकोही होती. "पाल नव्हती," ती शांतपणे म्हणाली. "परवा तुमच्या शर्टाला जुन्या नोकरीचा वास येत होता. माळ्यावरची बाटली कुठे गेली, ते आता यांना सांगा."

कुणीकुणी पिशवीत घातलेले गड्डे निमूटपणे बाहेर काढून ठेवले. साहेब नातीला नळावर घेऊन गेले आणि साबण लावून तिचे हात धूत राहिले, पुन्हा पुन्हा.

डॉक्टरीणबाईंनी वाफ्याभोवती दोरी बांधली. साहेबांना मात्र हाकललं नाही. म्हणाल्या, "पुढच्या हंगामात मुलांच्या वर्गात बसा. बोलायचं नाही."

साहेब खरंच बसले. चष्मा नाकावर ओढून अळ्या वेचत, डब्यात टाकत. त्याच वर्गात येणारी नात बरेच दिवस वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसायची. मग एक दिवस आपला डबा घेऊन त्यांच्या शेजारी आली. तोंड बंद ठेवल्यामुळे साहेबांना थोडंफार येऊही लागलं.

पण हंगाम संपला. निवृत्तांच्या एका मंडळाने त्यांना 'मी विष का सोडलं' या विषयावर बोलायला बोलावलं. साहेबांनी त्यात असं सांगितलं, की फवारा मारल्यावर त्यांचं मन त्यांना खाऊ लागलं आणि भर गर्दीत त्यांनी स्वतःहून सगळं कबूल केलं. श्रोते हेलावले. अध्यक्षांनी पुष्पगुच्छ दिला.

बायको गेली नव्हती. शेजारणीने कारण विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मी मूळ कार्यक्रमाला होते."