खाली बसवलेली सुपरवायझर

मार्गारेट लोबोला काजूच्या कारखान्यात सगळ्या बायका ‘मार्गारेटबाय’ म्हणत. एकोणीस वर्षांपूर्वी ती सोलणीच्या टेबलावर बसली, सालं काढता काढता प्रतवारी शिकली, आणि पुढे तर गर नुसता ओंजळीत घेऊन तो कोणत्या डब्यात जायचा ते सांगू लागली. थोरल्या मालकांनी तिला सुपरवायझर केलं. चाळीस बायकांचं काम तिच्या नजरेखाली चाले. आवाज मोठा, पण पोर आजारी आहे म्हणून कोणी सुट्टी मागितली तर तिने कधी अडवली नाही.

थोरल्यांनंतर त्यांचा मुलगा प्रीतम कारभार बघू लागला आणि पहिलं काय केलं, तर हातमोजे बंद केले. काजूच्या टरफलातलं तेल लागलं की भाजल्यासारखी कातडी निघते. बायका राख आणि खोबरेल लावून दिवस काढू लागल्या. बी फोडणाऱ्यांत आनंदीबाई सगळ्यांत जुनी. तिच्या बोटांना अशा भेगा पडल्या की घरी भाकरी थापता येईना. मार्गारेटने तीनदा सांगून पाहिलं. ‘बघू’ यापलीकडे उत्तर मिळालं नाही.

एक दिवस तपासणीला अधिकारी येणार असं कळलं. प्रीतमने तिला केबिनमध्ये बोलावून एक रजिस्टर पुढे सरकवलं. दर पंधरवड्याला मोजे वाटल्याच्या आठ महिन्यांच्या नोंदी, सगळ्या एकाच पेनाने एका बैठकीत लिहिलेल्या.

“इथे सही करा, मार्गारेटबाई.”

“मोजे खंय आसत?” तिच्या तोंडून मालवणीच बाहेर पडली. मग सावरून म्हणाली, “शेठ, जे मी वाटलं नाही त्यावर माझी सही येणार नाही.”

“पगार कोणाचा घेता तुम्ही?”

“कामाचा घेते.”

आठवड्याभरात पत्र आलं. कामात हलगर्जी झाल्यामुळे आपल्याला सुपरवायझर पदावरून ‘कामगार, बी फोडणी’ या पदावर आणण्यात येत आहे. प्रीतमचा अंदाज असा, की ज्यांच्यावर हुकूम चालवला त्यांच्या रांगेत बसायची पाळी आली की बाई लाजेने आपणच घरी जाईल.

मार्गारेट दुसऱ्या दिवशी वेळेआधी आली, ॲप्रन बांधला आणि आनंदीबाईशेजारी जाऊन बसली. आनंदीबाईचे डोळे भरून आले.

“रडतस कित्याक? सरक थोडी,” मार्गारेट म्हणाली. “मी काय चोरी करूक नाय.”

तीन महिने तिने बिया फोडल्या. हातांची साल निघाली तेव्हा तिला कळलं, की इतकी वर्षं आपण हे दुखणं फक्त बघत होतो. तिने मोज्यांसाठी अर्ज लिहिला, एकवीस जणींच्या सह्या-अंगठे घेतले आणि तो ओरोसला कामगार खात्याच्या कचेरीत देऊन आली. त्याच आठवड्यात तिला गेटवर थांबवून बडतर्फीचा कागद हातात दिला. उद्धट वर्तन आणि चिथावणी. ना नोटीस, ना चौकशी.

तिचा नवरा प्लासिद मच्छीमारांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करी. भांडणाला भिणारा माणूस. “दुसरा काम मिळात गो,” तो म्हणाला.

“मिळात. पण कागदावर मी हलगर्जी, उद्धट. तां तसांच रवांदे काय?”

ती परत ओरोसला गेली. तिथे समेट होईना, तेव्हा प्रकरण कामगार न्यायालयात गेलं. तेजस्वी परुळेकर नावाच्या तरुण वकीलबाईंनी ते घेतलं. मागणी अशी: पदावनती आणि बडतर्फी दोन्ही रद्द करा, पद परत द्या, बुडालेला पगार द्या आणि झालेल्या हानीची भरपाई द्या.

कारखान्याने उत्तर दिलं, की ही बाई सुपरवायझर होती, व्यवस्थापनाची माणूस. कामगार कायदा तिला लागूच नाही. मार्गारेट वाचून हादरली. तेजस्वी मात्र हसली. उलटतपासणीला प्रीतम उभा राहिला तेव्हा तिने त्याच्या हातात पदावनतीचं पत्र दिलं.

“ही सही तुमची?”

“हो.”

“यात बाईंचं पद काय लिहिलंय? मोठ्याने वाचा.”

“कामगार... बी फोडणी.”

“काढलं त्या दिवशी याच पदावर होत्या ना?”

प्रीतमने वकिलाकडे पाहिलं. वकील कागद चाळत होता.

त्यानंतर प्रीतमने प्लासिदला फोन केला: एकरकमी पैसे देतो, तिने फक्त चूक झाली असं लिहून द्यावं. मार्गारेट बांगडे साफ करत होती.

“दोनच ओळी गो,” प्लासिद म्हणाला.

“दोन अक्षरां पण नाय.”

 पुढच्या तारखेला मात्र प्लासिद काम बंद ठेवून तिच्याबरोबर एसटीत बसला.

आनंदीबाई तेव्हा अजून नोकरीत होती, तरी साक्षीला आली. “मोजे मिळत होते ना?” असं कारखान्याच्या वकिलाने विचारल्यावर तिने दोन्ही हात पुढे केले. “तुमीच बघा, सायबानू.” दुसऱ्या दिवसापासून तिला काम बंद झालं. त्या बातमीने मार्गारेटला जेवण गेलं नाही.

चार वर्षांनी निकाल लागला. पदावनती बेकायदा, बडतर्फी बेकायदा, सुपरवायझर म्हणून परत घ्यावं, अर्धा मागचा पगार आणि वर भरपाई. मार्गारेट पेढे वाटायच्या आधी तेजस्वीशी भांडली: “अर्धोच कित्या? मी काय अर्धी घरात बसलेलंय?”

प्रीतम हायकोर्टात गेला. पैशांचं तिथे अडलं, पण तिला कामावर घेण्याला स्थगिती मिळाली नाही. एका सोमवारी ती मुख्य गेटने आत गेली. प्रीतमने मान वळवली. तिने मोठ्याने ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं.

आनंदीबाईचाही दावा आता चालू आहे. तिच्या प्रत्येक तारखेला मार्गारेट रजा टाकते, आणि कारण विचारलं तर सांगते.

“हायकोर्टातला किती वर्सां चलतला?” परवा प्लासिदने विचारलं.

“चलांदे. माका खंय घाई आसा?” ती म्हणाली, आणि चप्पल घालून आनंदीबाईला एसटीवर न्यायला निघाली. कोर्टात अकरा वाजताची तारीख होती.