कप्तानीणबाईंचं नाक

आमच्या बेटावर आधी गारुफालियाचं नाक यायचं, मग गारुफालिया. बाई जाळी विणायची, खणखणीत आवाजात मासळी विकायची, होडी एकटीने ओढून वाळूवर आणायची. लग्न तेवढं जमलं नाही, आणि त्याचं खापर तिची आई, स्ताम्युला म्हातारी, त्या नाकावर फोडायची. "असलं नाक घेऊन जन्मलीस, कोण करणार तुला?" हे रोज, चारचौघांत! गारुफालिया हसण्यावारी न्यायची. पण मी शेजारीण, मला ठाऊक ना, तिच्या घरात आरसा नव्हता. आईच्या तोंडून एकदा तरी बरा शब्द ऐकावा, एवढीच तिची आस.

आमच्या बेटाची कप्तानीण लेमोनिया. ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धात तिने तुर्कांचं जहाज पेटवलं, पण तिचं चित्र काही कुणी काढून ठेवलं नाही. पंचवीस मार्चच्या, स्वातंत्र्याच्या सणाला ते हवंच, म्हणून गावाने पेलोपिदासला गळ घातली. हा गडी जन्मभर देवळातले संत रंगवत आलेला. चेहरा शोधायला त्याने गावातल्या देखण्या पोरी पाहिल्या आणि तोंड वाकडं केलं. "ह्या कसलं जहाज पेटवतात? ह्यांना चूल पेटवता येईना!"

मग बंदरावर गारुफालिया गिऱ्हाइकाशी भांडताना दिसली.

"हलू नकोस!" तो ओरडला.

"मी? अरे, शुद्धीवर आहेस ना?"

"भांड खुशाल, पण हलू नकोस!"

सणाला देवळाच्या ओसरीत चित्रावरचा पडदा काढला. कमरेला पिस्तूल, हातात पेटता पलिता, आणि मधोमध ते नाक! पण पेलोपिदासची सवय जाते कुठे? लाकडी फळीवर, मागे सोनेरी रंग देऊन, अगदी संतासारखंच काढलेलं. झालं! म्हाताऱ्यांनी मेणबत्त्या लावल्या आणि चित्रातल्या हाताला ओठ लावायला रांग धरली. पाद्रीबुवा ओरडताहेत, "अहो बायांनो, ती संत नाही!" ऐकतंय कोण!

तेवढ्यात कुणीतरी पचकलं, "अरे, ही तर आपली गारुफालिया!" हशा पिकला. मेल्यांना हसायला काय लागतं? गारुफालिया लालेलाल होऊन दाराकडे सरकली. आणि रांगेत पुढे नेमकी स्ताम्युला!

संतांच्या हाताला ओठ लावायचे, तोंडाला कध्धी नाही, हे आम्हाला लहानपणी चिमटे काढून शिकवलं ते ह्याच म्हातारीने. तिने चित्र बराच वेळ न्याहाळलं. मग टाचा उंचावल्या आणि थेट नाकाचा मुका घेतला.

"आजी, हाताला, हाताला!" मागून कुणीतरी म्हणालं.

"हाताला संतांच्या," म्हातारी खेकसली. "ही माझी पोर आहे. आणि दात काय काढताय? असलं नाक आहे का तुमच्यात एकीला तरी?"

गारुफालिया उंबऱ्यातच बसली आणि ढसाढसा रडली. मीही रडले, लपवायचं काय त्यात!

दुपारी सणाचा तळलेला मासा आणि लसणीची चटणी घेऊन ती माझ्याकडे आली. ताटली ठेवली, जरा घुटमळली. म्हणाली, "तुझ्याकडे एखादा जास्तीचा आरसा आहे का गं?"