पाण्याच्या बगीच्याचं स्थळ

आमच्या साडूभाऊंनी आजवर चौकशी केल्याशिवाय एकही गोष्ट केलेली नाही. जन्म तेवढा चौकशीविना झाला, आणि त्याची चुटपुट त्यांना अजून असावी. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या अक्कांचे, हे यजमान. शहादा तालुक्यात ब्राह्मणपुरीला त्यांची केळी-पपईची बागायत आहे, स्वभाव सढळ आहे, पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. पण जेवणाच्या भाजीतलं वांगं कुठल्या वाडीतून आलं आणि ती वाडी कोणाच्या पाण्यावर आहे, हे त्यांना ठाऊक असल्याशिवाय ते चुलीवर चढत नाही. चौकशीचं त्यांचं एक शास्त्रच आहे. एखाद्या गोष्टीचं चांगलं सांगणाऱ्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "चांगलं सांगनारा लई भेटतस सर," ते मला म्हणतात, "जेन्हं वाकडं शे, तेले इचारा." त्यामुळे पाण्याची मोटर घ्यायची तर ज्यांच्या मोटरी जळल्या त्यांच्याकडे ते जाऊन बसतात. दातांचा डॉक्टर निवडायचा होता तेव्हा त्यांनी गावातल्या झाडून साऱ्या बोळक्या म्हाताऱ्यांना पारावर गोळा केलं होतं. म्हाताऱ्यांचं एकमत होईना, साडूभाऊंचा ठणका थांबेना, आणि शेवटी ती दाढ निर्णयाची वाट पाहून पाहून आपणहूनच पडली.

मी स्वतः या चौकशीतून पार पडलेला माणूस आहे. आमच्याकडे सोयरीक जमवायची तर मुलीकडची पाच जाणती माणसं आधी मुलाचं घर पाहायला जातात. माझ्या वेळी थोरले जावई म्हणून साडूभाऊ या पाचांचे पुढारी होते. नंदुरबारला आमच्या घरी ते आले, चहाला नको म्हणाले, आणि सरळ आत जाऊन माठावरचं झाकण काढून पाणी चाखलं. पाण्यावरून घर कळतं हा त्यांचा दुसरा सिद्धांत. मग पाहुणे पोहे खात असताना ते हळूच उठले आणि नालीवरून ज्याच्याशी आमचा वर्षानुवर्षं वाद चालू होता, त्या शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसले. शेजाऱ्याने माझ्याबद्दल सांगितलं, "पोऱ्या बावळा शे, पन कोन्हं वाईट करानी अक्कल नही तेले." वैऱ्याने दिलेल्या या दाखल्यावर माझं लग्न ठरलं. बायको भांडणात त्यातला पहिला अर्धा भाग अजूनही वापरते.

असा माणूस कुटुंबाला घेऊन सहलीला जाणार म्हणजे काय होणार, याचा विचार त्यांच्या मुलीने करायला हवा होता. पण सोनल तेव्हा नऊ वर्षांची होती. तिच्या वर्गातली एक मैत्रीण सुरतेकडच्या वॉटर पार्कला जाऊन आली आणि तिने घसरगुंडीवरचा स्वतःचा फोटो वर्गभर फिरवला. सोनल घरी आली ती दप्तर न काढताच वडिलांपुढे उभी राहिली. "दादा, आपुन बी पानीना बगीचामां जाऊत!" साडूभाऊंना मुलगी जीव की प्राण. त्यांनी तिला मांडीवर घेतलं आणि तिथल्या तिथे शब्द दिला, "जासूत ना बेटा. चौकशी करी लेऊत नि जासूत." अक्कांनी पोळी लाटता लाटता माझ्याकडे पाहिलं आणि कपाळाला पिठाचा हात लावला.

त्या उन्हाळ्यात साडूभाऊ कामाला लागले. सुरतेकडचं एक, मुंबईच्या अलीकडचं एक, अशी दोन-तीन स्थळं त्यांनी काढली. मी भूगोल शिकवतो म्हणून अंतरं आणि वाटेतले घाट माझ्याकडून लिहून घेतले. खापरला एक गृहस्थ राहतात, सुरतेच्या त्या बगीच्यात पूर्वी राखणदार होते आणि मालकाशी भांडून परत आले होते, असं कळताच साडूभाऊ मोटरसायकल काढून भर उन्हात खापरला गेले. दिवसभर बसले. गृहस्थांनी मालकाच्या सात पिढ्या उद्धरल्या, पण बगीच्याबद्दल त्यांना एवढंच वाईट सांगता आलं, की पोरं पाण्यातून बाहेरच निघत नाहीत, शिट्ट्या मारून मारून गाल दुखतात. साडूभाऊ प्रसन्न होऊन परतले. मात्र एवढ्यात शाळा सुरू व्हायची वेळ झाली होती. सोनलची समजूत त्यांनी घरच्या घरी घातली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पोरींसाठी झाडाला झोके बांधतात. त्या झोक्याचा दोर त्यांनी त्या वर्षी पाऊस पडेपर्यंत सोडलाच नाही. "तितलं दूर जाईसन पाळनामां बसानं, मंग आपला निंब काय वाईट शे?" पोर दिवसभर लिंबाखाली झोके घ्यायची आणि संध्याकाळी विचारायची, "दादा, चौकशी व्हयनी का?"

दोन वर्षांनी चौकशी झाली. आता घर पाहायला जायचं होतं, आणि घर पाहायला पाच माणसं लागतात. बायकापोरं पाहणीला नेण्याची आपल्यात रीतच नाही, असं साडूभाऊंनी जाहीर केलं. मग ते स्वतः, मी, त्यांचे एक चुलतभाऊ, सोसायटीचे माजी चेअरमन आणि गावातले एक निवृत्त तलाठी, असे पाच जण धुवट कपडे आणि टोप्या घालून जीपने सुरतेकडे निघालो. सोनलला सांगितलं, "आम्ही फक्त देखी येतस, मंग तुले लयी जासूत." फाटकावर आम्हाला कळलं, की नुसतं पाहण्याची सोय तिथे नाही, आणि आत गेल्यावर कळलं, की धोतर नेसून पाण्याजवळ फिरकूही देत नाहीत. अर्ध्या तासाने आम्ही पाचही जाणती माणसं फुलाफुलांच्या नायलॉनच्या चड्ड्या घालून, डोक्यावर टोप्या तशाच ठेवून, ओळीने उभे होतो. निवृत्त तलाठ्यांनी सरकारी नोकरीत कधी मान खाली घातली नव्हती, ती त्या दिवशी घातली.

साडूभाऊंवर मात्र कपड्यांचा काही परिणाम झाला नाही. ते लाटांच्या हौदापाशी गेले, वाकले, आणि ओंजळीत पाणी घेऊन त्यांनी ते चाखलं. जीवरक्षकाने जोरात शिट्टी मारली. साडूभाऊंनी त्याच्याकडे लक्ष न देता चूळ भरून सांगितलं, "मचूळ शे. औषिध मारेल शे." मग ते जिने चढून सर्वांत उंच घसरगुंडीच्या माथ्यावर गेले आणि तिथल्या माणसाला गाव, नाव, आणि त्याची स्वतःची पोरं इथे खेळायला येतात का, हे विचारू लागले. मागे रांग खोळंबली. "काका, जल्दी करो ना," तो बिचारा हात जोडून म्हणाला. साडूभाऊ रांगेला वाट करून देत जिन्याने चालत खाली उतरले. ते स्वतः एकदाही घसरले नाहीत. आम्ही उरलेल्या चौघांनी काय केलं, ते सांगायला आज मला लाज वाटते. पहिल्यांदा चेअरमन घसरले, पाहणीचा भाग म्हणून. मग आम्ही सगळेच घसरलो, आणि मग फाटक बंद व्हायची वेळ होईपर्यंत पाण्याबाहेर निघालोच नाही. तलाठी तर ट्यूबमध्ये आडवे पडून मोठ्याने गाणं म्हणत होते.

परत आलो तेव्हा सोनल ओट्यावर बसली होती. जवळ तिची भरलेली पिशवी होती. पाहणी झाल्याबरोबर निघायचं, असं तिने गृहीत धरलं होतं. तिने आमच्या ओल्या केसांकडे आणि लाल डोळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही खेळी उनात?" खेळून तर आलोच होतो; पाचही जाणती माणसं डोक्यावरच्या टोप्या नीट करू लागली. साडूभाऊ म्हणाले, "घर चांगलं शे बेटा, पन पानी बरोबर नही. आखो एक-दोन जागा देखी लेऊत." मी न राहवून म्हटलं, "साडूभाऊ, पोर काय तिथे द्यायची आहे का?" त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सोनलने पिशवी उचलून आत नेली.

पुढची वर्षं कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही. नवे बगीचे निघत गेले आणि प्रत्येक नव्या बगीच्याबरोबर साडूभाऊंची यादी लांबत गेली. मोबाइल आल्यावर त्यांनी नातेवाइकांचा एक ग्रुप काढला. तिथे सकाळी देवांचे फोटो, दुपारी एकमेकांच्या पपईचे भाव आणि रात्री कुणाच्या तरी मेहुण्याला कुठल्या तरी पार्कात ताप आल्याची बातमी येत असे. मग सोनलची दहावी आली, बारावी आली, मग सगळं जगच घरात बसलं, मग ती शिकायला नाशिकला गेली. तिने विचारणं कधी बंद केलं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. साडूभाऊंची चौकशी मात्र चालूच राहिली. बगीच्याचा विषय निघाला की ते अजूनही "आम्हनी सोनलले लयी जानं शे" असंच म्हणायचे.

यंदा सोनलचं लग्न ठरलं. मुलगा रनाळ्याचा, नोकरीला बडोद्याला. त्याच्या चौकशीला साडूभाऊंना वर्ष लागलं, आणि रनाळ्याचा एकही भांडखोर माणूस त्यांनी सोडला नाही. साखरपुड्यानंतर आठवड्याने मी ब्राह्मणपुरीला जेवायला होतो. साडूभाऊ मला मंडपवाल्याच्या वैऱ्यांची माहिती देत होते. सोनल वाढत होती. वाढता वाढता ती थांबली आणि म्हणाली, "दादा, मन्हं घर तुम्ही देखी लिधं, मी काही बोलनू नही. आते बगीचा मले देखू द्या. लगीन व्हयनं का मंग मी त्यासनासंगे कितला बी डाव जासु. पन मले एकडाव तुम्हनासंगे जानं शे."

साडूभाऊंचा घास हातातच राहिला. अक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता हे पाच माणसांची नावं काढणार. त्यांनी हात धुतले, चूळ भरली, आणि म्हणाले, "सक्कायले निंघूत. कोनता बगीचा, ते तूच सांग." सोनलने तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवर दोन मिनिटांत ठरवलं. स्थळ सुरतेकडचंच होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो, बायकांसकट. साडूभाऊंनी कुणाला काही विचारलं नाही, काही चाखलं नाही. उंच घसरगुंडीवर दोघं बसतील अशी एक ट्यूब असते. सोनल पुढे बसली, साडूभाऊ मागे. वरून ढकलल्यावर त्यांची जी आरोळी निघाली, ती खाली पाण्यात पडेपर्यंत थांबली नाही. बाहेर आले ते टोपी शोधत आणि हसत. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "चाल बेटा, आखो एकडाव!" पुन्हा जिने, पुन्हा आरोळी. असं पाच-सहा वेळा झालं. त्यानंतर सोनल केस पिळत आमच्याजवळ बाकावर येऊन बसली. "दादा, मी थकी गऊ आते. तुम्ही जा." तिने पिशवीतून मोबाइल काढला, होणाऱ्या नवऱ्याचे दोन फोन येऊन गेले होते.

साडूभाऊ ट्यूब धरून जिन्याशी उभे राहिले. त्यांच्या बाजूने आठ-नऊ वर्षांच्या पोरी आरडाओरडा करत वर पळत होत्या, धापा टाकत खाली येत होत्या, आणि आया ओरडल्या तरी पुन्हा वर पळत होत्या. ते बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. मी जवळ गेलो तर हळूच म्हणाले, "सर, मी चौदा वरीस बगीचाच देखत ऱ्हायनू. बगीचा तठेच व्हता. पोर मोठी व्हयी गयी." माझ्याजवळ त्यांच्यासाठी एरवी दहा टोमणे तयार असतात. त्या वेळी मी नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

सोनल कागदी कपात चहा घेऊन आली. साडूभाऊ ओल्या अंगाने तिच्या शेजारी बसले. चहा कढत होता आणि बशी नव्हती, म्हणून त्यांनी त्यावर सावकाश फुंकर घातली, आणि आधी तिच्या तोंडापुढे धरला. तेवीस वर्षांच्या पोरीने मोबाइल बाजूला ठेवला आणि वडिलांच्या हातूनच एक घोट घेतला.