डॅशबोर्डवरची टकटक

इरा आणि निहार, हे मुळात तुम्हा दोघांसाठी लिहितेय. या सदराच्या वाचकांनी वाचलं तरी हरकत नाही, पण त्यांनी मला भाबडी आजी समजू नये. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. घरात मांजर आडवं गेलं तर मी फक्त दूध झाकलं आहे का ते बघते. भूत, संकेत, चाहूल... असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर एकच प्रश्न विचारत आले – "तुमच्याशिवाय आणखी कोणी ऐकलं का?"

या वेळी आणखी एकीने ऐकलं. म्हणून तर हे लिहायला बसले.

दुसरं कारण तू आहेस, इरा. सिग्नलला तुझ्या गाडीला मागून धक्का बसला, त्याला आता चार महिने झाले. तुला खरचटलंही नाही, पण तेव्हापासून तू किल्लीला हात लावलेला नाहीस. मागच्या रविवारी फोनवर म्हणालीस, "आजी, मला आधी काही कळलंच नाही. पुन्हा तसंच झालं तर? मी गाडी सोडली ती सोडली." हे नीट सांगायला मला कागद लागतो.

तुमच्या आजोबांनी मला बावन्नाव्या वर्षी गाडी शिकवली. एका कंपनीच्या गाड्यांची व्यवस्था त्यांच्याकडे होती, त्यामुळे शेकडो ड्रायव्हर त्यांच्या हाताखालून गेलेले. नियम मोजकेच. पुढच्या गाडीमागे थांबताना तिची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसली पाहिजेत, म्हणजे वेळ आली तर वळून बाहेर पडता येतं. आणि थांबल्या थांबल्या बाहेर पडायची वाट बघून ठेवायची. मी फार पुढे गेले की ते बोलायचे नाहीत. शेजारच्या सीटवरून बोटातली जाड चांदीची अंगठी डॅशबोर्डवर दोनदा वाजवायचे. टक, टक. म्हणजे 'जागा कमी झाली, थांब'. मला राग यायचा. पण पाय आपोआप ब्रेकवर जायचा.

त्यांना जाऊन तीन वर्षं झाली.

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवार, सकाळचे साडेदहा. आमच्या भाईंदर पश्चिमेच्या सोसायटीच्या गेटपाशी हिराबाई भाजी घेऊन बसते. ती मोरव्याची. त्या दिवशी टोपलीऐवजी तिच्या हातात स्टीलचा डबा होता. उत्तनला दिलेली तिची लेक आठ दिवसांपूर्वी बाळंत झाली होती आणि हिराबाईने डिंकाचे लाडू केले होते. एकही रिक्षा थांबेना. मला त्याच बाजूला एका मैत्रिणीकडे जायचं होतं. म्हटलं, "चल, सोडते तुला."

"टीचरबाय, गाडी तूच चालवतंस?" हिराबाईने आत डोकावून विचारलं.

"मग काय तू चालवणार?"

"न्हाय गं बाय, मी आपली देवाचं नाव घेतंय." डबा मांडीवर घेऊन ती पुढच्या सीटवर बसली. पट्टा मीच लावून दिला.

मोरवा मागे पडलं. पुढे डोंगरीच्या बाजूला चढ लागतो. रविवारी समुद्रावर जाणाऱ्यांची गर्दी असते, त्यामुळे गाड्या चढावरच थांबल्या होत्या. आमच्या पुढे पाण्याचा भरलेला टँकर. मी नियमाप्रमाणे त्याची मागची चाकं पूर्ण दिसतील एवढी जागा सोडून हँडब्रेक ओढला. डावीकडे, अगदी माझ्या बॉनेटपाशी, वाडीत उतरणारा कच्चा रस्ता होता. त्याच्या पुढे लगेच दगडी बांध सुरू होत होता.

मागे रिक्षा येऊन थांबली आणि हॉर्न सुरू झाला. तुम्हाला ठाऊक आहे, आपल्याकडे मोकळी सोडलेली जागा म्हणजे ड्रायव्हरचा अडाणीपणा. बाई असेल तर विचारूच नका.

"ओ आंटी! आगे लो ना! इतनी जगह में दो रिक्षा जाएगी!"

हिराबाईने काच खाली करून मान बाहेर काढली. "अरं थांब की! रस्ता काय तुज्या बापाचा हाय?"

"मावशी, आपने लायसन देखा है क्या इनका?"

रिक्षात बसलेल्या दोन बायका हसल्या. मला ऐकू आलं आणि खरं सांगते, माझे कान तापले. इतकी वर्षं वर्ग गप्प बसवला, पण त्या हसण्यापुढे मी हरले. हँडब्रेक सोडला, क्लच उचलला आणि गाडी पुढे घ्यायला लागले. जेमतेम एक हात गेले असेन...

टक, टक.

पाय ब्रेकवर गेला. विचार नंतर आला. हिराबाई डॅशबोर्डकडे बघत होती. मी पुढे बघितलं – आणि चाकं दिसत होती म्हणूनच दिसलं की ती फिरताहेत. उलटी. टँकर आमच्या अंगावर येत होता.

ते दोन-तीन सेकंद मला आजही एकेक करून आठवतात. मी हॉर्नवर तळहात दाबून धरला, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं आणि कच्च्या रस्त्यावर उतरले. तोंडाशीच थांबले असते तर मागची रिक्षा अडकली असती, म्हणून खडखडत तशीच खाली गेले. आरशात बघितलं, तर तो रिक्षावाला माझ्या मागोमाग आत वळत होता. वर टँकर आम्ही उभ्या होतो त्या जागेवरून मागे गेला, ड्रायव्हरने चाक वळवलं आणि मागचा भाग कडेच्या मातीत रुतून तो थांबला. रिक्षामागे अजून कोणी आलेलं नव्हतं. कोणाला खरचटलंही नाही.

मी आणखी एक हात पुढे गेले असते, तर डावीकडे रस्ता नव्हता, बांध होता.

रिक्षावाला उतरून माझ्या खिडकीशी आला. चेहरा पांढरा पडला होता. "आंटी... पानी पियोगे?" म्हणाला. मग त्यानेच अर्धी बाटली संपवली.

हिराबाईने डबा पोटाशी धरला होता. ती म्हणाली, "टीचरबाय, मगाशी ती टकटक कशाला केलीस?"

"मी?"

"मंग कोण? दोनदा वाजलं. हितं, माज्या समोर."

माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. तिचे दोन्ही डब्यावर. बांगड्या म्हणाल तर त्या किणकिणतात, आणि किणकिण कशी असते हे दोघींनाही ठाऊक आहे. आजोबांच्या त्या सवयीबद्दल मी तिला कधी सांगितलेलं नव्हतं. कोणालाच नव्हतं. सांगायचं काय त्यात?

उत्तनपर्यंत तो रिक्षावाला आमच्या मागेच होता. प्रत्येक थांब्यावर आमच्यामध्ये एवढं अंतर ठेवायचा, की त्यात खरोखर दोन रिक्षा मावल्या असत्या. हिराबाईच्या लेकीच्या घरी मी पाच मिनिटं म्हणून गेले आणि तासभर बसले. आठ दिवसांची ती मुलगी माझ्या मांडीवर जांभया देत होती. लाडू मात्र अप्रतिम.

परत आल्यावर मी माझ्या पद्धतीने शोध घेतला. केबिन रोडच्या मेकॅनिककडून अख्खा डॅशबोर्ड उघडून घेतला. "मॅडम, कुछ भी ढीला नहीं है," तो म्हणाला. त्याच रस्त्याने, त्याच चढावर पुन्हा दोनदा जाऊन आले. काही वाजलं नाही. माझ्याच मनाने सवयीने ऐकवलं असेल असं म्हणावं, तर हिराबाईचं काय? अंगठी कपाटात कापसात गुंडाळलेली होती तशीच आहे. ओढूनताणून याचा अर्थ मी लावणार नाही.

पण इरा, एवढं मात्र मला नक्की ठाऊक आहे. ती टकटक कोणाचीही असो, गाडी मी वळवली. वळवता आली, कारण आधी जागा सोडली होती आणि वाट बघून ठेवली होती. 'आधी कळलंच नाही' म्हणालीस ना? मलाही टँकर सुटणार हे कळलं नव्हतं. कोणालाच कळत नाही. जागा मात्र सोडता येते – आणि मागचा कितीही हसला तरी ती सोडून ठेवता येते.

पुढच्या महिन्यात तुझा बाबा इथून तुमच्याकडे परत येईल, त्याच्याबरोबर आजोबांची अंगठी पाठवतेय. बोटात घालू नकोस, सैल होईल. किल्लीला अडकव. पहिल्या दिवशी इंजिन सुरू करू नकोस, नुसती गाडीत बसून ये. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यापर्यंत जा. निहार, तू शेजारी बस आणि तोंड बंद ठेव.

आणि कधी समोर दोनदा वाजलंच, तर कोण म्हणून विचारत बसू नकोस. आधी ब्रेक लाव.

तुमची,
आजी
भाईंदर पश्चिम