पुसलेली खुर्ची

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी कोल्हापुरात संगणकशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. पहिल्या दिवशी लॅबच्या शिपाईमामांनी मला प्राध्यापक समजून खुर्ची पुसून दिली, "बसा सर" म्हणाले, आणि मी बसलो.

मामा रोज खांद्यावरच्या टॉवेलानं आधी माझी खुर्ची पुसायचे, मग स्वतःचा चष्मा. पोरांवर मात्र ओरडायचे, "पावणं, चपला भाईर काडा की." माझ्या बुटांना कधी काही बोलले नाहीत.

आठवडाभर मी तो मान घेत राहिलो. शेवटी लाजेनं सांगितलं, "मामा, मी विद्यार्थीच आहे."

"ठावं हाय की. हजेरीच्या यादीत फोटो हाय तुमचा."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी कवा सांगताय, बघत हुतो."

एवढं बोलून ते पुन्हा माझी खुर्ची पुसू लागले. मी दाराशी जाऊन बूट काढले.