गळ्यातला नंबर

हमदुल्ला रत्नागिरीकडचा. उमेदीची वर्षं इंग्रजी जहाजांवर भांडारी, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी होता. १९६४ साली तो दुबईत, देराच्या खाडीकाठी झावळ्यांच्या घरात बायको शहरबानूबरोबर राहत होता.

एका शुक्रवारी बानूने त्याची जुनी पेटी उन्हात रिकामी केली. तळाशी दोऱ्यात ओवलेली तांबडी चकती निघाली. शेजारचा यूनुस, जहाज कंपनीतला कारकून, चहाला बसला होता.

"चाचा, ही कुणाची?"

"एका एस्किमो म्हाताऱ्याचा तावीज."

सहा वर्षांपूर्वी त्याचं जहाज कॅनडाच्या बर्फाळ टोकाला माल पोचवून परतताना क्षयाचे रोगी दक्षिणेच्या इस्पितळात न्यायला निघालं होतं. ती माणसं स्वतःला इनुइट म्हणवत. म्हाताऱ्याची बायको जहाज दिसेनासं होईपर्यंत किनाऱ्यावर उभी होती. तिसऱ्या दिवशी म्हातारा गेला. रोगाच्या भीतीने कुणी हात लावेना. हमदुल्लाने त्याला गुसल दिलं, गावी मय्यतीला घालतात तशी आंघोळ. मय्यतीच्या अंगावरचा तावीज काढतात तसा गळ्यातला दोराही काढला. बायकोला द्यायचा म्हणून जपला, पण जहाज पुन्हा तिकडे गेलंच नाही.

यूनुस चकती एका कॅनेडियन कॅप्टनला दाखवून आला.

"चाचा, हा तावीज नाही. त्यांच्यात आडनावं नसतात, म्हणून सरकारने माणसागणिक नंबर दिले, असे चकतीवर कोरून. कागदावर माणूस म्हणजे हाच."

"मग त्याला पुरलं कुणाच्या नावाने?" बानूने विचारलं.

"बंदरात मय्यत उतरवली तेव्हा डॉक्टरने त्याचा गळा चाचपला होता," हमदुल्ला म्हणाला. "मला वाटलं, नाडी बघतोय."

यूनुसने तिकडच्या कचेरीला चकतीसकट सगळं लिहून पाठवलं. म्हातारीला कळावं, एवढंच मागणं. सात महिन्यांनी उत्तर आलं. त्या वर्षी त्या बंदरात बिननावाचे अकरा रोगी पुरले. यातला हा कुठला ते ठरवता येत नाही. खात्री नसताना मृत्यूची नोंद होत नाही, आणि नोंदीशिवाय घरच्यांना कळवत नाहीत. बायको दर उन्हाळ्यात बोटीवर चौकशी करते.

"परत लिही की," बानू म्हणाली.

"काय लिहू, चाची? खलास."

"कुणी सांगितला होता एवढा शहाणपणा?" ती नवऱ्यावर घसरली.

"तसाच पाठवायचा होता काय, मळका?"



त्या हिवाळ्यात गल्लीतला जमाल वारला. दोघं जण हमदुल्लाला गुसलासाठी न्यायला आले; आजवर हे काम त्याचंच होतं. तो आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसला.

"त्यांना बरं नाही," बानूने दारातूनच सांगितलं. "दुसरं कुणी बघा."